बारा इंच धुकं

जुलै-ऑगस्टमध्ये लोणावळ्याला जाऊन आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये फोटो ढिगाने असतात आणि त्यातल्या बहुतेकांत काहीही दिसत नाही. टायगर पॉइंट घ्या, लायन्स पॉइंट घ्या, खंडाळ्याचा राजमाची पॉइंट घ्या. सगळीकडे छत्री उलटी झालेला एक माणूस, त्याच्या मागे पांढरंफटक धुकं आणि त्या धुक्यामागे, फोटो काढणाऱ्याच्या म्हणण्यानुसार, अप्रतिम दरी. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरच्या फोटोंत दिसतं भरपूर, पण त्यातली आपली माणसं कोणती हे शोधावं लागतं. लोहगडाच्या विंचूकाट्यापर्यंत पोचेस्तोवर लेन्सवर पाणी आलेलं असतं. त्यामुळे २०२५ च्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेलेला हा किल्ला घरोघरच्या मोबाइलमध्ये एका राखाडी डागाच्या रूपाने नांदतो आहे.

हे सगळं एरवी मोबाइलमध्येच पडून राहिलं असतं. पण कुटुंबात कुणीतरी निवृत्त होतं. निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने माळा आवरण्यात जातात, माळ्यावर जुने अल्बम सापडतात आणि मग घोषणा होते, "आता सगळे फोटो एकदाचे नीट लावून टाकतो. कॉम्प्युटरवर." याला डिजिटल स्क्रॅपबुक म्हणतात, ही माहिती पुतणी पुरवते. एका पानावर दोन-तीन फोटो, शेजारी लोकलचं तिकीट, कोपऱ्यात चिक्कीच्या खोक्याचं झाकण, खाली चार ओळी मजकूर; आणि हे सगळं कात्री-डिंकाला हात न लावता पडद्यावर करायचं. काकांना कल्पना पसंत पडते. त्यांचा पुढचा प्रश्न एवढाच असतो, "सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?"

हा प्रश्न मावळ तालुक्यात मोठ्याने विचारू नये.

कागदी अल्बम का नको, हे मात्र इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. या चार महिन्यांत मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, काडेपेटी पेटत नाही आणि कपाटातल्या अल्बमला बुरशी येते. काळ्या पानांच्या, कोपऱ्यांत फोटो खोचायच्या जुन्या अल्बमांत बटरपेपर फोटोला असा चिकटतो, की सोडवताना निम्मा नवरदेव त्याच्याबरोबर निघून येतो. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यालाही डिंकाचा फार जाच होता. पानांना आधीच डिंक लावून ठेवलेल्या कात्रणवहीचं पेटंट त्याने १८७३ मध्ये घेतलं. पान जरासं ओलं करायचं, कात्रण दाबायचं, काम झालं. तिकडे ती वही चांगली खपली. लोणावळ्यात ती श्रावणात आपोआप ओली झाली असती आणि जी मिटली असती ती कायमचीच.

तर कॉम्प्युटर. आणि सल्लागार. तळेगाव, चाकण आणि हिंजवडी यांच्या टप्प्यात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबात 'कॉम्प्युटरमधला' निदान एक माणूस असतो. त्याला स्क्रॅपबुकाबद्दल माहिती नसली तरी मत असतं.

हिंजवडीचा भाचा म्हणतो, "मामा, फोटोशॉप. दुसरं काही बघूच नका." फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल कुणी वाईट बोललेलं नाही, फक्त त्याच्या किमतीबद्दल बोलतात. २०१३ पासून अडोबीने त्याच्या नव्या आवृत्त्या फक्त भाड्यानेच द्यायला सुरुवात केली. पैसे भरणं थांबलं की सॉफ्टवेअरही थांबतं. मामा विचारतात, "दर महिन्याला? दुधासारखं?" भाचा म्हणतो, वर्षाचे एकदम भरले तर स्वस्त पडतं. मग त्याला आठवण येते की फोटोशॉपचं एक धाकटं भावंड आहे, 'एलिमेंट्स', २००१ पासूनचं, घरगुती फोटोवाल्यांसाठीच काढलेलं, आणि स्क्रॅपबुक करणाऱ्यांचं आवडतं. ते एकरकमी मिळायचं. आता २०२५ च्या आवृत्तीपासून त्याचाही परवाना तीन वर्षांचाच.

तळेगाव एमआयडीसीतले जावईबापू फार कमी बोलतात. ते ऑटोकॅड सुचवतात. "एका मिलिमीटरचाही फरक पडणार नाही," असं आश्वासन देतात. पानाला फुलांची किनार हवी आहे, हे कळल्यावर ते चहा घेऊन गॅलरीत जातात.

वडगावचा फ्लेक्सवाला कोरलड्रॉचा माणूस. त्याची शैली संपूर्ण तालुक्याला पाठ आहे, कारण ती प्रत्येक चौकात टांगलेली असते: मधोमध गॉगल लावलेले उत्सवमूर्ती, डोक्यामागे प्रकाशाचं वलय, खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग. स्क्रॅपबुकाची कल्पना ऐकून तो मनापासून म्हणतो, "काका, तुमचा फोटो मध्ये मोठा घेऊ. बाकी किल्ले खाली बारीक-बारीक बसवून देतो."

लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे तयार पानं असतात. करिझ्मा अल्बमचं उघडलेलं पान बारा बाय छत्तीस इंचांचं, त्यावर गुलाब, बदाम, उडती कबुतरं आणि मागे बर्फाचे डोंगर. काकांचा मुलांबरोबरचा विसापूरचा फोटो त्याने नमुन्यादाखल बसवून दिला. बापलेक चिखलाने बरबटलेले आहेत आणि भोवती सोनेरी अक्षरांत इंग्रजीतून अखंड प्रेमाची ग्वाही दिलेली आहे.

गल्लीतल्या पोराला या कशाचीच गरज नसते. तो मोबाइलवर पिक्सेललॅब उघडतो, मित्राकडून आलेल्या पीएलपी फाइलमधलं जुनं नाव खोडतो, नवं घालतो आणि भाऊंचा वाढदिवस उजाडायच्या आत बॅनर ग्रुपवर असतो. वेगाच्या बाबतीत वरच्या सगळ्या मंडळींनी त्याच्याकडे शिकवणी लावावी.

पुतणी कॅनव्हाची बाजू घेते. तिच्या बाजूला इतिहासही आहे. हे ऑस्ट्रेलियन संकेतस्थळ २०१३ मध्ये सुरू झालं, पण त्याच्या संस्थापकांचा त्याआधीचा धंदा शाळांची वार्षिक स्मरणपुस्तकं जुळवून देण्याचा होता. म्हणजे फोटो, नावं आणि आठवणी पानावर बसवणं हाच. फुकटात बरंच काही मिळतं. चांगलं दिसणारं नेमकं चित्र मात्र पैसेवाल्यांसाठी राखलेलं निघतं आणि त्याच्यावर एक छोटासा मुकुट असतो. काकू पहिल्याच दिवशी नियम घालून देतात, "मुकुट असेल तिथे हात लावायचा नाही."

राहता राहिला फुकट सॉफ्टवेअरचा कट्टर कार्यकर्ता. हा बहुधा गिर्यारोहक असतो. तो जिंपशिवाय काही बोलत नाही. १९९६ मध्ये पहिल्यांदा लोकांसाठी खुलं झालेलं जिंप आजही फुकट आहे, आणि पूर्वी त्याची हत्यारं एका खिडकीत, थर दुसऱ्या खिडकीत आणि चित्र तिसऱ्या खिडकीत असायचं, ही तक्रारही आता जुनी झाली आहे. २०२५ च्या मार्चमध्ये आलेली तिसरी आवृत्ती बरीच सुधारली आहे. एवढं सांगून कार्यकर्ता ढाकच्या वाटेला लागतो. कुठलं बटण दाबायचं, हे मात्र राहून जातं.

एवढ्या सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर काका काय करतात? पॉवरपॉइंट उघडतात. बँकेत असताना त्यांनी त्यात थकीत कर्जांचे तक्ते केलेले असतात, त्यामुळे हात बसलेला असतो. आणि त्यांचं फारसं चुकत नाही. पॉवरपॉइंटमध्ये पानाचा आकार बारा बाय बारा इंच करता येतो, फोटो तिरका ठेवता येतो, त्याला पांढरी कड देता येते. फक्त एक खोच आहे. ते पान चित्र म्हणून साठवलं तर पॉवरपॉइंट नेहमीच्या सवयीने इंचाला ९६ ठिपकेच देतं. बारा इंचांचे होतात ११५२. पडद्यावर झकास दिसतं, छापल्यावर आत्याचा चेहरा सोसायटीच्या मोझॅक फरशीत मिसळून जातो. म्हणून तिथून पीडीएफ काढावी.

सॉफ्टवेअर निवडायच्या स्पर्धेत मावळापुरती खरी परीक्षा वेगळीच आहे. फोटोत धुकंच असल्यामुळे सगळा भार मजकुरावर येतो. टायगर पॉइंट कोणता आणि राजमाची पॉइंट कोणता, हे ओळींशिवाय कळणार नाही. या बाबतीत तालुक्याची परंपरा मोठी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी खांब दिले, त्यांनी त्या खांबांवर नाव, गाव आणि 'हा खांब आमच्याकडून' एवढं कोरून ठेवलं. धेनुकाकट गावच्या यवनांनीही तेच केलं. वैजयंतीच्या भूतपाल शेठजींनी तर आपण पुरं करवलेलं हे लेणं जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं लिहवून घेतलं. आजच्या घरगुती अल्बमांतल्या ओळी याहून विनयशील आहेत, असं म्हणवत नाही.

तेव्हा जे सॉफ्टवेअर घ्यायचं, त्यात पहिल्याच दिवशी 'विसापूर किल्ला, दऱ्याखोऱ्यांतला पाऊस' एवढं टाइप करून बघावं. निम्मे उमेदवार इथेच पडतात. काही ठिकाणी 'वि'ची वेलांटी 'व'च्या पुढे जाऊन बसते. 'ल्ल'चा पाय मोडून एक ल दुसऱ्याकडे बघत उभा राहतो. 'ऱ्या'चं तर काय होईल सांगता येत नाही. कधी र लंगडा होतो, कधी त्याच्या डोक्यावर रफार चढतो आणि दऱ्यांच्या 'दर्या' होऊन मावळाला समुद्रकिनारा मिळतो. फोटोशॉपच्या बऱ्याच आवृत्त्यांत हे दुखणं फक्त सेटिंगचं असतं: प्रेफरन्सेसमधल्या 'टाइप'मध्ये जाऊन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' हा पर्याय निवडायचा आणि नवी फाइल उघडायची. अक्षरं गुमान एकमेकांना जोडून घेतात. फुकटचं जिंप मात्र जोडाक्षरं मुळातच नीट लिहितं, आणि हे कळल्यावर कार्यकर्त्याला बोलवायला हरकत नसते.

डीटीपीवाल्या दुकानात वेगळा घोळ होतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या पेजमेकर आणि श्रीलिपी. श्रीलिपी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची. मराठी पत्रिका, अहवाल, दिवाळी अंक यांनी तिच्यावर वर्षं काढली. पण त्या जुन्या फॉन्टांची आतली व्यवस्था त्यांची स्वतःची असते. ते फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की 'आजीबरोबर कामशेतला' याच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांचा मेळावा भरतो. म्हणून स्क्रॅपबुकातला मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. फॉन्टांना आता तोटा नाही. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचे 'मुक्ता' आणि गुबगुबीत 'मोदक' गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. राज्य शासनाने २००९ च्या नोव्हेंबरमध्ये जो ल आणि जो श मराठीचा म्हणून ठरवून दिला, तोच हवा असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' आहे. मोदक मथळ्यालाच वापरावा. एका निवृत्तांनी सगळा मजकूर मोदकात लावला, तेव्हा पानावर फोटोला जागा उरली नाही.

आता आकडेमोड. स्क्रॅपबुकाचं पान जगभर बहुधा बारा बाय बारा इंचांचं. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे पान झालं ३६०० बाय ३६०० पिक्सेल. असा एक पूर्ण थर कॉम्प्युटरच्या डोक्यात जवळपास ३९ एमबी जागा खातो. दहा थर घातले की ३९०. नातवाने टाकून दिलेल्या लॅपटॉपला इथे धाप लागते, पंखा फिरायला लागतो आणि काकू स्वयंपाकघरातून विचारतात, "अहो, मिक्सर कुणी लावला?"

आणि एवढ्या मोठ्या पानावर लावायचे फोटो येतात कुठून? कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आक्रसून येतो. ३०० च्या हिशेबाने तो सव्वापाच इंचांपलीकडे छापू नये. २०२३ पासून 'एचडी'चं बटण आहे, आणि मूळ फोटो जसाच्या तसा हवा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो. हे वाक्य लिहायला सोपं आहे. ते फोनवरून आत्याला समजावायचं म्हणजे,

"आत्या, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव."

"डॉक्युमेंट कशाला? आधार कार्ड पाठवू?"

आधार कार्ड येतं. दोन्ही बाजूंनी. तेही फोटो म्हणून, आक्रसलेलं.

छापायचं कुठे, हेही आधीच विचारून ठेवलेलं बरं. आपल्याकडच्या लॅब लग्नांवर चालतात, तिथे बारा बाय अठराचं पान हा हुकमी माल. बारा बाय बारा म्हटलं की पलीकडचा माणूस क्षणभर थांबतो आणि विचारतो, "बारशाचं आहे का?" लॅब जो आकार सहज काढून देते, तोच सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवशी घातला तर पुढची चिडचिड वाचते, कारण चौकोनी पान नंतर लांबट करताना आधी मजकूर पळतो आणि मग माणसं ताणली जातात.

यात पावसाळा विसरून चालत नाही. जूनमध्ये पहिला वारा सुटला की वीज जाते. आंदर मावळात आणि पवन मावळाच्या आतल्या गावांत तिच्यामागोमाग नेटही जातं. कॅनव्हा आपलं आपण साठवत राहतं, पण त्याला नेट लागतं. जिंपला नेट लागत नाही, पण 'सेव्ह' आपण म्हणायचं असतं. ज्याला दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एस दाबायची सवय नाही, त्याला ती पहिल्या पावसात लागते.

मग येते सजावट. डिजिटल स्क्रॅपबुकासाठी तयार संच मिळतात आणि त्यांत लाल-पिवळी मेपलची पानं असतात, भोपळे असतात, गाजराचं नाक लावलेला बर्फाचा माणूस असतो. वाकसईच्या शेतातल्या भातलावणीच्या पानावर बर्फाचा माणूस उभा राहिलेला आहे, हे दृश्य तयार संच वापरणाऱ्यांनी दाखवलं आहे. मावळाला लागणारं साहित्य मावळातच मिळतं. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडलेल्या इंद्रायणी भाताची एक लोंबी, करवंदाचं पान, इरल्याची वीण, कुरवंड्याच्या वाटेवरचा शेवाळलेला दगड. पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीपाशी फोटो काढायचा आणि भोवतालचा कागद पुसून टाकायचा. कॅनव्हात मागची बाजू एका टिचकीत पुसणाऱ्या बटणावर मुकुट आहे. जिंपमध्ये ते हाताने कातरावं लागतं. भाताच्या लोंबीची कुसं एकेक करून कातरताना माणसाला लावणी सोपी वाटायला लागते. चिक्कीचं वेष्टन मात्र स्कॅनरवर ठेवण्याआधी पुसून घ्यावं. नाही तर पुढचे सहा महिने घरातल्या प्रत्येक कागदपत्रावर एक शेंगदाणा येतो.

शेवटी, हे सॉफ्टवेअर किती दिवस जगणार? काकांनी हा प्रश्न बँकेच्या सवयीने विचारला आणि बाकी सगळे गप्प झाले. पिकासात घराघरांनी कोलाज केले होते. २०१६ मध्ये गूगलने पिकासाच मिटवलं. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला संपली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तरी आपल्याकडच्या पत्रिका अजून त्यात निघतात, ही गोष्ट वेगळी. अफिनिटी हे फोटोशॉपच्याच पंगतीतलं सॉफ्टवेअर कॅनव्हाने २०२४ मध्ये विकत घेतलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये फुकट करून टाकलं. आधी पैसे मोजलेल्यांनी ही बातमी वाचून एक उसासा टाकला. त्यामुळे थरांची फाइल ठेवायचीच, पण प्रत्येक पूर्ण पानाची एक पीडीएफ आणि एक जेपीजी काढून पेनड्राइव्हवर आणि मुलाच्या कॉम्प्युटरवर ठेवायची, असं ठरलं. पेनड्राइव्ह काकूंनी डाळीच्या डब्यात ठेवला. पावसाळ्यात घरातली तीच एक कोरडी जागा.

सॉफ्टवेअरचा निकाल अखेर तडजोडीने लागला. मांडणी कॅनव्हात, फोटोंची दुरुस्ती जिंपमध्ये, आणि काकांचा मान राखायला पहिलं पान पॉवरपॉइंटमध्ये. दिवाळीनंतर अल्बम छापून आला: बारा बाय अठरा, जाड पानं, प्रत्येक धुक्याखाली जागेचं नाव, तारीख आणि बरोबर कोण होतं ते. 'दऱ्याखोऱ्या' कुठेच मोडल्या नव्हत्या. लॅबवाल्याने बारशाबद्दल अभिनंदनही केलं.

काकूंनी तो अल्बम ट्यूबलाइटखाली उघडला, मोबाइलने पानापानाचे फोटो काढले, प्रत्येक पानावर ट्यूबलाइटची एक पांढरी पट्टी आली, आणि सगळे फोटो त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. फोटो म्हणूनच. आत्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं, "मस्त! पण फार धुकं होतं वाटतं."